नियम कापरेकरांचा, लेव्हल्स आपल्या

नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत एक वजाबाकी मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. ते अंक उतरत्या क्रमाने लावून मोठ्यात मोठी संख्या करायची, चढत्या क्रमाने लावून लहानात लहान करायची, आणि मोठीतून लहान वजा करायची. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथून पुढे हलत नाही. १९४९ हेच साल घेऊन पाहा: ९९४१ वजा १४९९ म्हणजे ८४४२, मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या खेपेला ६१७४. शोध मांडला त्याच सालाने सगळ्या सात पायऱ्या चढायला लावाव्यात हा योगायोग आहे, पण अशाच योगायोगांनी माणूस पुढची संख्या हातात घेतो, आणि कोड्याचे काम तिथेच सुरू होते.

हे कोडे आज जगभर माहीत आहे. न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त ते १९५५ मध्ये छापून आले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिले आणि त्यांचे नाव गणितप्रेमींच्या घरोघरी गेले. पण नाशिकमध्ये, जिथे हे घडले तिथे, कापरेकर आज बहुतेक एका आकड्यापुरते उरले आहेत. प्रश्नमंजूषेत ‘कापरेकर स्थिरांक कोणता?’ असे विचारतात, मूल ‘६१७४’ म्हणते आणि एक गुण मिळवते. ज्याने ती वजाबाकी एकदाही केलेली नाही त्यालाही हे उत्तर पाठ असते. कोड्याची याहून मोठी हानी होत नाही. माझे म्हणणे असे, की कापरेकरांच्या कोड्यांना आज पुतळ्याची किंवा चौकाच्या नावाची जितकी गरज आहे, त्याहून कितीतरी जास्त गरज ती नव्याने खेळायला मांडण्याची आहे. आणि हे काम कसे करायचे याचा सर्वांत चांगला धडा गणिताच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा जुन्या कोडे-व्हिडिओ गेम्सच्या खेळाडूंकडे सापडतो.

जुना गेम नव्याने काढणे याला रीमास्टर म्हणतात. बहुतेकांच्या डोक्यात त्याचा अर्थ चित्रे स्वच्छ करणे, आवाज सुधारणे, मोबाइलवर चालेल असे करणे. कोड्याच्या गेममध्ये ही वरवरची बाजू आहे. कोड्याच्या गेमला दोन अंगे असतात: नियम आणि लेव्हल्स. काय करता येते आणि काय येत नाही, हा नियम. त्या नियमावर रचलेली एकेक अडचण ही लेव्हल. जपानमध्ये हिरोयुकी इमाबायाशींनी १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या ‘सोकोबान’चा नियम चार ओळींत संपतो: गोदामातले खोके ढकलता येतात, ओढता येत नाहीत, एका वेळी एकच ढकलायचा, आणि सगळे ठरलेल्या जागी पोचवायचे. मूळच्या लेव्हल्स मोजक्याच होत्या. पुढच्या चाळीस वर्षांत जगभरच्या हौशी लोकांनी हजारो रचल्या. १९९७ मध्ये जोसेफ कल्बरसन यांनी सिद्ध केले की हे कोडे सोडवणे संगणकशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडते. इतक्या लहान नियमाच्या पोटात एवढे मावलेले असते हे नियमाच्या कर्त्यालाही आधी दिसत नाही. ते दिसायला पुष्कळ माणसांनी त्यात पुष्कळ वेळ घालवावा लागतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘चिप्स चॅलेंज’चे आहे. चक सॉमरव्हिल यांनी तो १९८९ मध्ये अटारीच्या लिंक्स या हातातल्या यंत्रासाठी केला, आणि पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज संचातून तो लाखो कचेऱ्यांतल्या संगणकांवर पोचला. त्याचा दुसरा भाग सॉमरव्हिल यांनी १९९९ मध्ये पुरा केला, पण हक्कांच्या गुंत्यात तो अडकला आणि २०१५ पर्यंत बाहेर आलाच नाही. त्या सोळा वर्षांत गेम मेला नाही, कारण खेळाडूंनी स्वतः लेव्हल्स रचल्या, एकमेकांच्या तपासल्या, मते घेऊन निवडल्या, आणि २००२, २०१० आणि २०१४ मध्ये १४९-१४९ लेव्हल्सचे संच काढले. त्यात आणखी एक अडचण होती. लिंक्सवरचा आणि विंडोजवरचा गेम दिसायला एकच, पण हालचालींचे बारीक नियम वेगळे होते; एकावर सुटणारी लेव्हल दुसऱ्यावर अडत असे. खेळाडूंनी यातला एक नियम ‘खरा’ ठरवून दुसरा पुसून टाकला नाही. ‘टाइल वर्ल्ड’ नावाच्या त्यांच्या प्रणालीत दोन्ही नियम वेगवेगळ्या नावांनी ठेवले आहेत, आणि आपण कोणता खेळतो आहोत हे खेळणाऱ्याला माहीत असते. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. नियम बदलायला हरकत नाही. न सांगता बदलायला आहे.

हाच प्रश्न कापरेकरांच्या वजाबाकीतही आहे, हे थोड्यांच्या लक्षात येते. २१११ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. आता पुढचा शून्य धरायचा की सोडायचा? धरला तर ०९९९ ही चार अंकी संख्या राहते, ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, आणि गाडी ६१७४ कडे जाते. सोडला तर ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य, खेळ संपला. शून्य धरण्याचा नियम असेल तर १००० ते ९९९९ मधल्या फक्त नऊ संख्या अपयशी ठरतात: ११११, २२२२ वगैरे. शून्य सोडण्याचा नियम असेल तर त्या सत्त्याहत्तर होतात. एका शून्याने नऊचे सत्त्याहत्तर! मोबाइलवरच्या एखाद्या ॲपने किंवा घाईने लिहिलेल्या स्वाध्यायाने हा शून्य गाळला, तर मुलाला ‘तुझे चुकले’ असे सांगितले जाईल आणि मूल मात्र बरोबर असेल. म्हणून नव्याने मांडताना पहिली अट ही: कापरेकरांचा नियम शून्यासकट, जसाच्या तसा, पहिल्या पानावर, आणि कोणी दुसरा नियम वापरला तर तो त्याच्या नावाने, बाजूला.

दुसरे अंग लेव्हल्सचे. इथे गणित आपल्याला एक महत्त्वाची गोष्ट सांगते. चार अंक मोठ्याकडून लहानाकडे लावले, की वजाबाकीचे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते: पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करा, तेच उत्तर. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. हिशेब केला तर अशी उत्तरे फक्त ५४ निघतात. ०००० ते ९९९९ मधल्या, सारख्या अंकांच्या दहा सोडून उरलेल्या ९९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत या ५४ दारांतून आत जातात. म्हणजे ‘दहा हजार लेव्हल्स’ अशी जाहिरात करणारा कोणी खरे तर चोपन्नच देत असतो. पायऱ्यांची वाटणीही ठाऊक आहे: पूर्ण सात पायऱ्या लागणाऱ्या संख्या २१८४, तीन पायऱ्यांच्या सर्वांत जास्त म्हणजे २४००, आणि एकाच पायरीत पोचणाऱ्या ३८३. लेव्हल्सचा क्रम लावणाऱ्याला हे आकडे होकायंत्रासारखे आहेत.

पण होकायंत्राने रस्ता किती खडबडीत आहे हे कळत नाही, आणि लोकांची गरज नेमकी इथे लागते. पाचवीतल्या मुलाला सात पायऱ्यांची संख्या सोपी जाऊ शकते आणि तीन पायऱ्यांची अवघड, कारण त्याची खरी लढाई हातच्याशी असते. या कोड्यात एककाच्या घरी वरचा अंक खालच्यापेक्षा नेहमीच लहान असतो, त्यामुळे हातचा घेतल्याशिवाय एकही वजाबाकी होत नाही. ८८२० वजा ०२८८ करताना एककाच्या घरी शून्य आहे, शेजारच्या दोनातून एक घ्यायचा, मग त्या उरलेल्या एकातून आठ जात नाहीत म्हणून पुन्हा शेजारी जायचे. मोठ्या माणसाच्या डोळ्यांना ही एक पायरी. मुलाच्या पेन्सिलीला तीन. कुठे पेन्सिल थांबते, कुठे मूल खोडरबर शोधते, कुठे शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, हे कोणतेही सूत्र सांगत नाही. ते देवळाली कॅम्पच्या शाळेत पाहावे लागेल, आणि पेठ-सुरगाण्याच्या जिल्हा परिषद शाळांतही. तीन अंकी संख्यांपासून सुरुवात करणे मला योग्य वाटते: तिथे पहिल्या वजाबाकीनंतर मधला अंक कायम ९ येतो, आणि जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत ४९५ गाठते. २११ पासून सुरू केले तर ०९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५. ८९१ पासून शतकाचा अंक एकेकाने उतरतो आणि एककाचा चढतो, हे मुलांना आपोआप दिसते, आणि ‘का?’ हा प्रश्न शिक्षकाने विचारायच्या आधी वर्गातूनच येऊ शकतो. पण हे माझे मत. ते वर्गात टिकते का, हे खेळणाऱ्यांनीच ठरवावे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. गणित म्हणजे निवडणूक नव्हे. बरोबर उत्तर मतांनी ठरत नाही, मग लोकांना विचारून काय मिळणार? याचे उत्तर ‘चिप्स चॅलेंज’च्या संचांतच आहे. तिथेही एखादी लेव्हल सुटते की नाही, यावर कोणी मत दिले नाही. ते खेळून सिद्ध करावे लागत होते. मते होती ती कोणती लेव्हल आधी, कोणती नंतर, कोणती कंटाळवाणी, कोणती दोनदा तेच विचारते, यावर. सत्य आणि निवड यांची ही फारकत कापरेकरांच्या कोड्यांनाही तशीच्या तशी लागू पडते. ६१७४ वर कोणाचे मत नको. पण बावन्नावे दार एकविसाव्याच्या आधी ठेवायचे का, यावर तो खेळ खेळलेल्या मुलीचे मत माझ्यापेक्षा वजनदार आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लोकांच्या हाती दिले की मोजक्या पट्टीच्या खेळाडूंचेच राज्य येते. हे खरे आहे, आणि ‘चिप्स चॅलेंज’च्याच खेळाडूंच्या अनुभवात ते दिसते. मत देणारे वर्षानुवर्षे खेळून तयार झालेले, त्यामुळे त्यांना रुचणाऱ्या लेव्हल्स नवख्यांना जड गेल्या. २०१४ चा संच मुद्दाम नव्याने खेळू लागणाऱ्यांसाठी रचला गेला आणि दोन्ही नियमांवर चालेल असा ठेवला गेला, तो याच जाणिवेने. नाशिकसाठी यातून सरळ अर्थ निघतो. लेव्हल्स खेळून पाहताना मुले जिथे अडतील तिथे खूण करतील, अशा चाचणीच्या वह्या गणित ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांपुरत्या राहिल्या, तर संच त्यांच्यापुरताच होईल. ज्या मुलांना गणिताची भीती वाटते त्यांच्या खुणा अर्ध्याहून जास्त असल्या पाहिजेत. सोकोबानमध्ये डेव्हिड स्किनर यांचा २००० सालचा ‘मायक्रोबान’ हा १५५ छोट्या लेव्हल्सचा संच इतका प्रिय का झाला याचे कारणही हेच: एका वेळी एकच युक्ती शिकवायची, आणि ती शिकल्याचे मुलाला स्वतःला कळू द्यायचे.

तिसरा आक्षेप थेट कापरेकरांवर आहे, आणि तो फार मोठ्या माणसाचा आहे. गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या छोट्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांची उदाहरणे दिली आहेत. उलटे केलेल्या संख्येची पट असणाऱ्या चार अंकी संख्या फक्त या दोनच: ८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट. हार्डींचे म्हणणे असे, की वर्तमानपत्राच्या कोडे-सदराला आणि हौशी लोकांना हे शोभते, गणितज्ञाच्या कामाचे यात काही नाही, कारण अशी विधाने फारच विशिष्ट असतात, त्यांतून व्यापक असे काही निघत नाही. कापरेकरांची वाटही याच गल्लीतली. हार्डी असे लिहीत होते तेव्हा देवळालीत एक शिक्षक, पदव्युत्तर शिक्षण नसलेला, याच अंकांच्या उलटापालटीत बुडालेला होता. मग हा आक्षेप खोटा का ठरला? कोणी नियम बदलून त्याला ‘गंभीर’ केले म्हणून नव्हे. लोकांनी त्याच नियमावर नव्या लेव्हल्स रचल्या म्हणून. दहाऐवजी इतर पायांत ही वजाबाकी कशी वागते, ही त्यातली एक. जर्मनीचे हेल्मुट हासे हे विसाव्या शतकातल्या संख्यासिद्धांतातले अग्रणी नाव. त्यांनी प्रिचेट यांच्याबरोबर १९७८ मध्ये, १८२६ पासून चालत आलेल्या क्रेले यांच्या नियतकालिकात, चार अंकी कापरेकर स्थिरांक कोणकोणत्या पायांत असतात यावर निबंध लिहिला. दुसरी लेव्हल कापरेकर संख्यांची. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. डग्लस इयानुची यांनी २००० मध्ये दाखवले की अशा संख्यांचे थेट नाते १० च्या घातातून १ वजा केलेल्या संख्येच्या विशिष्ट विभाजकांशी आहे. गंमत म्हणून सुरू झालेली गोष्ट विभाज्यतेच्या गाभ्यापर्यंत पोचली. हार्डींनी पाहिली ती पहिली लेव्हल होती. पुढच्या लेव्हल्स अजून रचायच्या होत्या.

आणि हे आपल्या भागाला नवे नाही. नाशिकच्या शेजारी, चाळीसगावजवळच्या पाटण येथे चांगदेवाचा १२०७ चा शिलालेख आहे. आपला पूर्वज भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. ‘लीलावती’ ११५० ची. तिच्या शेवटच्या ‘अंकपाश’ या प्रकरणात दिलेल्या अंकांची जागा बदलून किती संख्या होतात आणि त्यांची बेरीज किती, हे विचारले आहे. कापरेकरांच्या वजाबाकीचे हे दूरचे आजोळ म्हणावे इतके ते जवळचे आहे. पुढे १५४५ मध्ये गणेश दैवज्ञांनी ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली. मूळ उदाहरणे तीच ठेवली, आणि नियम का चालतो याच्या उपपत्ती जोडल्या. मूळ श्लोक अबाधित, टीका वेगळी, टीकाकाराचे नाव तिच्यावर. आज आपण ज्याला लोकांच्या मदतीने केलेला रीमास्टर म्हणतो, त्याची शिस्त या परंपरेत आधीच बसवलेली आहे.

मूळ जपण्याचा लाभ किती दूरवर जातो, याचे एक अलीकडचे उदाहरण. ‘टेट्रिस’च्या डझनावारी सुधारित आवृत्त्या निघाल्या, पण निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रावरची १९८९ ची आवृत्ती काही लोकांनी तशीच खेळत ठेवली. तिची २९ वी लेव्हल माणसाच्या आवाक्याबाहेरची, म्हणजे शेवट, असे वर्षानुवर्षे मानले जाई. खेळाडूंनी बटण दाबण्याच्या नव्या पद्धती शोधल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या मुलाने १५७ व्या लेव्हलवर तो गेम गोठेपर्यंत खेळून दाखवला. जी भिंत मानली जात होती ती भिंत नव्हतीच. ‘सुधारित’ आवृत्तीच्या नादात जुनी फेकून दिली असती, तर हे कधीच कळले नसते.

म्हणून नाशिकमध्ये काम दोन टोकांनी सुरू व्हावे. एक टोक जतनाचे. कापरेकरांनी आपल्या पुस्तिका बहुतांशी स्वतःच छापल्या: डेम्लो संख्यांवरची १९४८ ची, आवर्ती दशांशांवरची १९५० ची, स्वयंभू संख्यांवरच्या १९५९ आणि १९६३ च्या. अशा पातळ पुस्तिका ग्रंथालयात टिकत नाहीत. जाड पुस्तकांच्या मध्ये दबून त्या हरवतात. त्या शोधून, स्कॅन करून, एकाही अक्षराला हात न लावता ठेवाव्यात. कापरेकरांचे निधन १९८६ मध्ये झाले, त्यामुळे भारतीय कायद्याप्रमाणे त्यांच्या लिखाणावरचा हक्क २०४६ च्या अखेरीपर्यंत वारसांकडे आहे; पुस्तिका पुन्हा छापायच्या तर वारसांची परवानगी घ्यावी, आणि ती सन्मानाने मागावी. पण अंकांवर आणि नियमावर कोणाचा हक्क नाही. नव्या लेव्हल्स रचायला उद्यापासून कोणाचीही परवानगी लागत नाही, आणि हे दुसरे टोक पहिल्याची वाट पाहत थांबू नये.

नव्या संचात पाच अंकी वजाबाकी ठेवावी का, यावर मतभेद होतील. तिथे ६१७४ सारखे एकच घर नाही. तीन चक्रे आहेत, आणि सुरुवातीची संख्या कोणती यावर आपण कोणत्या चक्रात अडकणार हे ठरते. ५३९५५ आणि ५९९९४ या दोन संख्या तर एकमेकींकडेच फिरत राहतात. ‘उत्तर येईपर्यंत करत राहा’ असे शिकवलेले मूल इथे गोंधळेल, असे शिक्षक म्हणतील. मी ती ठेवण्याच्या बाजूचा आहे. चार अंकांत जे घडले ते सगळीकडे घडेलच असे नाही, हे मुलाला स्वतःच्या वहीत सापडले तर सिद्धता म्हणजे काय याची पहिली ओढ तिथून लागते. मात्र ही लेव्हल शेवटी नको, मधेच हवी, आणि तिच्यानंतर लगेच सहा अंकांची: तिथे ५४९९४५ आणि ६३१७६४ अशी दोन घरे आहेत आणि शिवाय सात संख्यांचे एक चक्र.

सुरुवात मात्र स्वयंभू संख्यांनी करावी असे मला वाटते, कारण तिथे वजाबाकीही नाही. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची: २३ मध्ये ५ मिळवले की २८, २८ मध्ये १० मिळवले की ३८. म्हणजे २८ चा जनक २३. काही संख्यांना दोन जनक असतात: १०१ ही ९१ पासूनही येते आणि १०० पासूनही. आणि काहींना जनकच नसतो, २० सारख्या, त्या स्वयंभू. १ ते १०० मध्ये अशा तेरा आहेत. पहिल्या चाचणीसाठी एक कोरे पान आणि ‘सगळ्या शोधा’ एवढीच सूचना पुरे. किती मुलांनी तेरा शोधल्या हे नोंदवावे, पण त्याहून बारकाईने हे नोंदवावे, की २०, ३१, ४२ यांच्यात अकरा-अकराचे अंतर आहे हे कितव्या संख्येला कोणाच्या लक्षात आले, आणि त्याच चालीने ९७ नंतर १०८ येईल असा अंदाज बांधून तो तपासायला किती मुले शंभराच्या पुढे गेली.